मोटारविम्याचा हप्ता कमी करताना नेमके काय कापावे आणि काय मुळीच कापू नये?

वळणवाट (प्रश्न)

नमस्कार. आमच्या मोटारीच्या विम्याचे नूतनीकरण तीन आठवड्यांवर आले आहे आणि कंपनीकडून आलेले पत्र वाचून मी गोंधळात पडले आहे. गाडी सात वर्षांची आहे, तिच्यावरचे कर्ज दोन वर्षांपूर्वीच फिटले आहे आणि गेल्या सहा वर्षांत आम्ही एकही दावा केलेला नाही, त्यामुळे नो क्लेम बोनसही, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, सर्वांत वरच्या पायरीवर पोहोचलेला आहे. असे असताना, आणि गाडीची किंमत दर वर्षी उतरत असताना, या वर्षी हप्ता मात्र वाढला आहे. तो का वाढला याचे समाधानकारक उत्तर एजंटाला देता आले नाही.

माझ्यापुढे सध्या असे पर्याय आहेत. दुसऱ्या एका कंपनीने आताच्या हप्त्याच्या साधारण पाऊणपट हप्त्यात विमा देऊ केला आहे, परंतु त्या प्रस्तावात गाडीची विमा-किंमत (विम्यासाठी धरलेले गाडीचे मोल) बरीच खाली आणलेली दिसते. माझ्या भावाचे म्हणणे असे की इतक्या जुन्या गाडीला आता केवळ थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्यांना होणाऱ्या हानीपुरता विमा, पुरे. बाकीचा पैसा बँकेत ठेवावा. एजंटाचा आग्रह याच्या अगदी उलट आहे: झिरो डेप्रिसिएशन (सुट्या भागांच्या जुनेपणाबद्दल रक्कम न कापता मिळणारी भरपाई), इंजिन संरक्षण, किल्ली हरवल्याची भरपाई, रस्त्यावरील मदत हे सगळे ॲड-ऑन, म्हणजे जादा पैसे देऊन घेतलेली जोड-संरक्षणे, चालूच ठेवावेत आणि हप्ता जड वाटत असेल तर तो मासिक भागांत भरावा.

आणखी तीन गोष्टी सांगणे आवश्यक आहे. गेल्या महिन्यात गाडी मागे घेताना खांबाला लागून मागचा बंपर चिरला आणि एक दिवा फुटला. गॅरेजने सांगितलेला खर्च आमच्या ओन डॅमेजच्या (आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या) हप्त्याच्या पाऊणपटीच्या आसपास आहे आणि त्यासाठी दावा करावा की नाही हे अजून ठरलेले नाही. मुलाला नुकताच वाहन चालवण्याचा परवाना मिळाला असून तो अधूनमधून गाडी नेईल. आणि घरून काम सुरू झाल्यापासून आमचे वर्षाचे किलोमीटर निम्म्याहून कमी झाले आहेत.

पैसे वाचवायचे आहेत हे खरे, पण उद्या काही विपरीत घडले तर ‘चार पैशांसाठी हे काय करून बसलो’ असे म्हणण्याची वेळ येऊ नये, एवढीच काळजी आहे. अनुभवी सदस्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

निवृत्त सर्वेक्षक

मी अनेक वर्षे अपघातग्रस्त वाहनांच्या नुकसानीचे सर्वेक्षण केले आहे, त्यामुळे हप्ता भरण्यापेक्षा दावा मंजूर होण्याच्या बाजूने ही गोष्ट अधिक पाहिली आहे. त्या बाजूने पाहिले की स्वस्त आणि महाग या शब्दांचे अर्थ थोडे बदलतात.

प्रथम हप्ता का वाढला ते पाहू. तुमची गाडी उतरत्या किमतीची असली तरी तिचे सुटे भाग उतरत्या किमतीचे नसतात. पूर्वी बंपर म्हणजे प्लास्टिकचा एक तुकडा होता. आता त्यात अडथळा ओळखणारे सेन्सर असतात, पुढच्या काचेमागे कॅमेरा असतो आणि काच बदलली की त्या कॅमेऱ्याचे नव्याने समायोजन करावे लागते. दिव्यांचा पूर्ण संचच बदलावा लागतो. बहुतेक दावे असे दुरुस्तीचेच असतात आणि पूर्ण गाडी गमावल्याचे दावे त्या मानाने थोडे असतात, म्हणून दुरुस्तीचा खर्च वाढला की गाडीची किंमत घटूनही हप्ता चढू शकतो. याशिवाय आणखी एक कारण आहे, जे सहसा कोणी समजावून सांगत नाही. बोनसच्या शिडीवर तुम्ही दर वर्षी वर चढत होता तोवर मूळ दरातील वाढ त्या वाढत्या सवलतीत झाकली जात होती. शिडी संपली, सवलत वाढायची थांबली, आणि मूळ दराची वाढ प्रथमच उघडी पडली.

आता त्या पाऊणपट हप्त्याच्या प्रस्तावाबद्दल. विमा-किंमत खाली आणून हप्ता कमी केलेला असेल तर ती सवलत नव्हे. तुम्ही कमी वस्तू विकत घेत आहात म्हणून तिचे दाम कमी आहे. गाडी चोरीस गेली किंवा दुरुस्तीपलीकडे गेली तर हातात येणारी रक्कम त्या विमा-किमतीवरच ठरते. शिवाय याला एक दुसरी धार आहे. भारतात दुरुस्तीचा खर्च विमा-किमतीच्या 75 टक्क्यांहून अधिक झाला की गाडी पूर्ण नुकसानीत धरली जाते. समजा बाजारात गाडीचे मोल 100 आहे आणि विमा-किंमत 70 लिहिली आहे. मग 55 खर्चाची दुरुस्तीसुद्धा मर्यादा ओलांडते, कारण 70 चे 75 टक्के म्हणजे 52.5 होतात. जी गाडी योग्य किमतीवर विमा असता तर दुरुस्त होऊन घरी आली असती, ती भंगारात जाते आणि तुमच्या हाती 70 येतात, तेही वजावट, म्हणजे प्रत्येक दाव्यात आपण स्वतः सोसायची रक्कम, कापून. हा प्रसंग मी इतक्या जणांच्या चेहऱ्यांवर पाहिला आहे की नूतनीकरणाचा कागद हातात घेतला की माझी नजर सर्वांत आधी विमा-किमतीच्या रकान्यावर जाते. उलट, विमा-किंमत बाजारभावापेक्षा फुगवून घेण्यातही फारसा लाभ नसतो. ज्या देशांत भरपाई अपघाताच्या दिवशीच्या बाजारभावाने दिली जाते तिथे तर तो हप्ता वायाच जातो. त्याच वयाच्या, तितक्याच चाललेल्या गाड्या सध्या काय भावाने विकल्या जात आहेत हे पाहून आकडा ठरवावा आणि सर्व कंपन्यांकडून त्याच आकड्यावर दर मागावेत. तसे केल्याशिवाय दोन दरांची तुलना होऊच शकत नाही.

आपल्या भावाचा सल्ला मी सरसकट चुकीचा म्हणणार नाही. ओन डॅमेजचा विमा सोडावा की नाही याची माझी कसोटी साधी आहे: उद्या सकाळी गाडी जागेवर नसेल तर दुसरी गाडी घेण्यासाठी कर्ज काढावे लागेल का, किंवा मुलाच्या शिक्षणासाठी ठेवलेल्या पैशाला हात लावावा लागेल का? उत्तर ‘होय’ असेल तर विमा ठेवावा. उत्तर मनापासून ‘नाही’ असेल आणि ओन डॅमेजचा हप्ता गाडीच्या किमतीच्या मानाने जड वाटू लागला असेल, तर तो सोडणे हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय ठरू शकतो. सात वर्षांची, चांगली राखलेली गाडी बहुतेकांच्या बाबतीत अजून त्या टप्प्यावर आलेली नसते. दरही प्रत्यक्ष मागवून पाहावा, कारण काही बाजारांत केवळ थर्ड पार्टी विमा घेणाऱ्यांचा गट अधिक जोखमीचा निघाल्यामुळे तो विमा अपेक्षेइतका स्वस्त मिळत नाही.

जिथे मुळीच हात आखडता घेऊ नये ती जागा म्हणजे दुसऱ्यांना होणाऱ्या हानीची जबाबदारी. आपल्या गाडीचे नुकसान जास्तीत जास्त गाडीच्या किमतीएवढे असते. आपल्या गाडीमुळे एखादी व्यक्ती कायमची अपंग झाली तर त्या भरपाईला अशी मर्यादा नसते. काही देशांत शारीरिक इजेसाठीची ही जबाबदारी पॉलिसीत अमर्याद असते, तर काही ठिकाणी ती रकमेने बांधलेली असते आणि कायद्याने ठरवलेली किमान रक्कम अनेकदा फार जुनी असते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात 1967 मध्ये ठरलेली किमान मर्यादा थेट 1 जानेवारी 2025 रोजी वाढवली गेली. मधल्या सत्तावन्न वर्षांत रुग्णालयाचा खर्च कुठल्या कुठे गेला. ज्यांच्या पॉलिसीत अशी मर्यादा आहे त्यांनी ती किमान पातळीवर ठेवून पैसे वाचवू नयेत. बाकी ठिकाणी वाचलेल्या पैशातून, गरज पडल्यास, ही मर्यादा वाढवावी.

ॲड-ऑनबद्दल थोडक्यात सांगतो. किल्लीची भरपाई सोडून द्यावी. रस्त्यावरील मदत गाडीच्या उत्पादकाकडून किंवा बँकेच्या कार्डावर आधीच मिळत आहे का ते तपासावे, कारण एकाच सेवेचे पैसे दोनदा भरणारी माणसे मी नेहमी पाहतो. इंजिन संरक्षण हे पाणी साचणाऱ्या भागात गाडी उभी राहत असेल तर ठेवावे, अन्यथा नाही. झिरो डेप्रिसिएशनचा विचार मात्र गांभीर्याने करावा लागतो. साध्या पॉलिसीत प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर मोठा घसारा कापला जातो, भारतात तो 50 टक्के आहे, आणि छोट्या अपघातात नेमके तेच भाग मोडतात. परंतु गाडी जुनी होत जाते तसा या ॲड-ऑनचा दर चढतो आणि अनेक कंपन्या ठरावीक वयानंतर ते देतच नाहीत. सातव्या वर्षी ते मिळत असेल तर त्याचा वेगळा दर लेखी मागावा आणि गेल्या सात वर्षांत त्याचा उपयोग किती वेळा झाला असता हे स्वतःशी मोजावे.

आकडेमोड

वरील प्रतिसाद फार उपयुक्त आहे. त्यात न आलेला एक भाग, म्हणजे बंपरचा दावा आणि ऐच्छिक वजावट, मी आकड्यांत मांडून पाहते, कारण या दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत आणि माझ्या मते खरी बचत तिथेच आहे.

आपली पॉलिसी कोणत्या देशातील आहे हे आपण लिहिलेले नाही, म्हणून दोन वेगळ्या शिड्या घेते. भारतात खासगी मोटारीची बोनसची रूढ शिडी अशी आहे: दावा न केलेल्या पहिल्या वर्षानंतर ओन डॅमेजच्या हप्त्यावर 20 टक्के सवलत, मग 25, 35, 45 आणि शेवटी 50. मूळ हप्ता 100 धरला तर सर्वोच्च पायरीवरचा माणूस 50 भरतो. त्याने आज एक दावा केला की पुढच्या वर्षी सवलत शून्य होते आणि त्याला 100 भरावे लागतात. त्यानंतर पुन्हा दावा केला नाही, तर अनुक्रमे 80, 75, 65, 55 आणि मग पुन्हा 50. दर वर्षी जे जास्तीचे भरले ते मोजा: 50, 30, 25, 15 आणि 5, एकूण 125. म्हणजे त्या एका दाव्याची किंमत आजच्या हप्त्याच्या अडीचपट होते. गाडीची विमा-किंमत उतरत गेल्याने प्रत्यक्षात हा आकडा थोडा कमी होईल आणि मूळ दर वाढल्याने थोडा जास्तही होईल, पण प्रमाण हेच राहते. आपला दुरुस्तीचा खर्च पाऊणपट आहे. त्यातूनही अनिवार्य वजावट आणि घसारा वजा होऊन कंपनीकडून जे मिळेल ते त्याहून कमी असेल. अशा स्थितीत दावा करणे म्हणजे पाऊण मिळवण्यासाठी अडीच देणे होय.

फ्रान्समधील शिडी वेगळी आहे. तिथे प्रत्येकाचा एक गुणक असतो आणि मूळ हप्त्याला त्याने गुणून हप्ता ठरतो. चूक नसलेल्या प्रत्येक वर्षानंतर तो 5 टक्क्यांनी खाली येतो, चुकीच्या प्रत्येक अपघातानंतर त्याला 1.25 ने गुणतात, आणि तेरा चांगल्या वर्षांनंतर तो 0.50 या तळाला पोहोचतो. नुकत्याच 0.50 वर आलेल्या माणसाकडून अपघात झाला तर गुणक 0.62 होतो, मग 0.58, 0.55, 0.52 आणि पुन्हा 0.50. मूळ हप्ता 100 धरून जास्तीचे पैसे मोजले तर 12, 8, 5 आणि 2, एकूण 27. म्हणजे आजच्या हप्त्याच्या निम्म्याहून किंचित जास्त. तिथे हाच पाऊणपट दावा करणे परवडण्याची शक्यता आहे. आणखी एक मोठा फरक असा की तिथे गुणक चुकीवर बदलतो, तर भारतातल्या बोनसच्या हिशेबात चूक कोणाची होती याला महत्त्व नसते. आपल्या पॉलिसीवर ओन डॅमेजचा दावा झाला की बोनस जातो. म्हणून ‘लहान दावा करावा का’ या प्रश्नाचे एकच उत्तर सर्वांना देता येत नाही. आपल्या पॉलिसीतील शिडी कागदावर उतरवून वरीलप्रमाणे बेरीज करावी. पाच मिनिटांचे काम आहे.

आता यातून पुढचे पाऊल पाहा. समजा आपल्या शिडीप्रमाणे अडीच हप्त्यांपेक्षा लहान दावा आपण शहाणपणाने कधीच करणार नाही. मग त्या रकमेपर्यंतचे संरक्षण आपण दर वर्षी पैसे देऊन विकत का घेत आहोत? जे वापरायचेच नाही ते परत द्यावे आणि त्याबदल्यात हप्त्यात सूट घ्यावी. ऐच्छिक वजावट म्हणजे हेच. प्रत्येक दाव्यात ठरलेली रक्कम मी स्वतः सोसेन असे आपण कबूल करता आणि कंपनी हप्ता कमी करते. समजा हप्ता 100 आहे, वजावट 40 ने वाढवली आणि हप्ता 10 ने कमी झाला. चार वर्षांत एकदाच दावा झाला तर वाचलेले आणि गमावलेले बरोबरीत सुटतात. त्याहून क्वचित दावा होत असेल तर आपला लाभ. आपल्या घरी सहा वर्षांत एकही दावा झालेला नाही. मात्र ती वजावटीची रक्कम खरोखर बाजूला ठेवलेली असावी. ती नसेल तर लहान अपघातसुद्धा कर्जाचे कारण होतो आणि सगळा हिशेब उलटतो. तसेच काही कंपन्या वजावटीवर नाममात्र सूट देतात. हप्त्यात 3 मिळणार असतील आणि सोसायचे 40 असतील, तर नकार द्यावा.

उजवी मार्गिका

आकडेमोड यांचा हिशेब पटला. परंतु मुलाच्या परवान्याबद्दल अजून कोणी लिहिलेले नाही आणि माझ्या अनुभवाने तोच मुद्दा सर्वांत महाग पडू शकतो.

काही देशांत विमा गाडीशी बांधलेला असतो आणि वैध परवाना असलेली कोणतीही व्यक्ती मालकाच्या संमतीने ती चालवू शकते. काही देशांत मात्र कोण चालवणार हे नावानिशी सांगावे लागते आणि तरुण चालकामुळे हप्ता बराच वाढतो. तो वाढू नये म्हणून आई किंवा वडील मुख्य चालक असल्याचे लिहायचे आणि गाडी प्रत्यक्षात मुलाने वापरायची, हा मोह अनेकांना होतो. ब्रिटनमध्ये ही फसवणूक मानली जाते आणि त्यावरून पॉलिसी रद्द होऊ शकते. आपला मुलगा अधूनमधूनच गाडी नेणार असेल तर त्याला अतिरिक्त चालक म्हणून खरेपणाने नोंदवावे. पुढे त्याचा वापर वाढला तर तेही कळवावे.

मी स्वतः जे भोगले ते लिहितो. काही वर्षांपूर्वी माझ्या भावाने घरगुती व्यवसाय सुरू केला आणि मालाची पोच देण्यासाठी माझी गाडी आठवड्यातून तीन-चार दिवस वापरू लागला. पॉलिसीवर ‘खासगी वापर’ असे लिहिलेले होते. व्यावसायिक वापराचा हप्ता जास्त असेल हे मला माहीत होते, आणि खरे सांगायचे तर म्हणूनच मी विचारले नाही. अपघात झाला तेव्हा गाडीत मालाची खोकी आणि पावत्या होत्या. कंपनीने ओन डॅमेजचा दावा फेटाळला. मी तक्रार केली, कागद दिले, वरच्या अधिकाऱ्यांपर्यंत गेलो. पण पॉलिसीवर माझीच सही होती आणि वापराबद्दलचे उत्तर मीच दिलेले होते. जेवढा हप्ता मी दोन वर्षांत वाचवला होता त्याच्या कित्येक पट खर्च खिशातून करावा लागला. त्या काळात भावाला माझ्याकडे पाहून अपराधी वाटे आणि मला त्याच्याकडे पाहून. पैशाइतकेच तेही लक्षात राहिले आहे.

म्हणून वापर, चालक, गाडी रात्री उभी राहण्याची जागा, नंतर बसवलेले गॅस किट किंवा इतर बदल, जुने दावे, यांपैकी कशातही असत्य लिहून हप्ता कमी करू नये. विशेषतः कंपनी बदलताना बोनस किती आहे हे खरे सांगावे. नवी कंपनी जुन्या कंपनीकडून खात्री करून घेते, आणि बोनस चुकीचा घेतल्याचे दाव्याच्या वेळी उघड झाले तर त्याचा परिणाम सोसावा लागतो.

पहिला गिअर

मासिक हप्त्याबद्दल दोन वाक्ये. वर्षाची रक्कम एकदम भरणे आणि बारा भागांत भरणे यांतील फरक काढावा. तो फरक म्हणजे कर्जावरचे व्याजच असते आणि बऱ्याचदा त्याचा दर बँकेच्या साध्या कर्जापेक्षा जास्त निघतो. शक्य असेल तर पुढच्या वर्षीच्या हप्त्यासाठी आतापासून दर महिन्याला स्वतःच्याच खात्यात रक्कम बाजूला टाकावी, म्हणजे मासिक सोयही मिळते आणि व्याजही वाचते.

दूरचा दिवा

आपले किलोमीटर निम्मे झाले आहेत ही माहिती आपण शेवटी आणि ओझरती लिहिली आहे, पण ती आधी मांडायला हवी होती, असे मला वाटते. गाडी जितकी रस्त्यावर कमी तितका अपघाताचा संभव कमी, आणि अनेक ठिकाणी विम्याच्या दरात याची नोंद घेतली जाते. कॅलिफोर्नियात 1988 मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या प्रस्ताव 103 नुसार हप्ता ठरवताना चालकाची आजवरची नोंद, वर्षाचे अंतर आणि चालवण्याचा अनुभव या तीन गोष्टींना सर्वाधिक वजन द्यावे लागते. भारतातही विमा नियामकाने जुलै 2022 मध्ये वापराप्रमाणे हप्ता, चालवण्याच्या पद्धतीप्रमाणे हप्ता आणि एकाच मालकाच्या अनेक वाहनांसाठी एकत्र पॉलिसी अशा ॲड-ऑनना परवानगी दिली. तेव्हा कंपनीला थेट विचारावे की कमी अंतरासाठी दर काय आहे. अंतराची मर्यादा घेताना वर्षभराचा अंदाज थोडा सैल ठेवावा. मर्यादा ओलांडल्यावर संरक्षण थांबते, कमी होते, की जादा पैसे भरून चालू राहते, हे पॉलिसीत वाचल्याशिवाय सही करू नये.

चालवण्याची पद्धत मोजणारे उपकरण किंवा ॲप घेण्याबाबत मात्र मी सावध आहे. जोरात ब्रेक मारणे, रात्री उशिरा गाडी चालवणे, एकदम वेग घेणे यांची नोंद होऊन गुण ठरतात. शांतपणे चालवणाऱ्याला सूट मिळते, हे खरे. पण ज्याची कामाची पाळीच रात्रीची आहे त्याचे गुण त्याचा काही दोष नसताना कमी होऊ शकतात. शिवाय ही माहिती पुढे कुठे जाते हा प्रश्न आहेच: अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी 2025 मध्ये जनरल मोटर्सविरुद्ध जाहीर केलेली कारवाई चालकांचे ठिकाण आणि चालवण्याच्या सवयी यांची माहिती पुरेशा संमतीविना गोळा करून पुढे विकण्याबद्दलच होती.

निवृत्त सर्वेक्षक

दूरचा दिवा यांच्या मताचा आदर राखून थोडा मतभेद नोंदवतो. नव्याने परवाना मिळालेल्या मुलासाठी असे उपकरण हप्त्याच्या पलीकडेही उपयोगी पडते. आपला ब्रेक कुठे आणि का जोरात लागला हे आठवड्याच्या शेवटी आईवडिलांबरोबर बसून पाहणारा मुलगा लवकर सुधारतो, आणि न झालेला अपघात ही विम्यातील सर्वांत मोठी बचत असते. माहितीच्या वापराबद्दलची अट वाचून घ्यावी, हे त्यांचे म्हणणे मात्र मला पूर्ण मान्य आहे.

कंपनी बदलण्याविषयीही एक गोष्ट राहिली. जुन्या, निष्ठावान ग्राहकाला आपोआप चांगला दर मिळतो हा समज धरून राहू नये. ब्रिटनमध्ये उलटच घडत होते: जे ग्राहक न बोलता दर वर्षी नूतनीकरण करत त्यांच्याकडून नव्या ग्राहकांपेक्षा जास्त हप्ता घेतला जाई, आणि तेथील वित्तीय नियामकाला 1 जानेवारी 2022 पासून घर आणि मोटार या दोन्ही विम्यांत ही पद्धत बंद करावी लागली. असा नियम सर्वत्र नाही. म्हणून आपल्या सध्याच्या कंपनीला दुसरा लेखी दर दाखवून फेरविचार करण्यास सांगावे. त्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही. फक्त या घासाघिशीत मुदत उलटू देऊ नये. भारतात पॉलिसी संपल्यानंतर 90 दिवसांत नूतनीकरण झाले नाही तर साठवलेला बोनस जातो, आणि मधल्या प्रत्येक दिवशी गाडी विम्याविना उभी असते.

वळणवाट

सर्वांचे मनःपूर्वक आभार. गेल्या दहा दिवसांत जे केले ते लिहिते, म्हणजे पुढे कोणाला उपयोग होईल.

माझ्या पॉलिसीतील शिडी आकडेमोड यांनी लिहिलेल्या पहिल्या शिडीसारखीच निघाली. त्यामुळे बंपर आणि दिव्यासाठी दावा न करता खर्च स्वतः केला; गॅरेजला तसे सांगितल्यावर त्यांनी दिव्याचा नवा संच बसवण्याऐवजी चांगल्या स्थितीतील जुना संच बसवला आणि खर्च अंदाजापेक्षा बराच कमी आला. आमची जुनी कंपनी, ती दुसरी आणि आणखी एक अशा तीन कंपन्यांकडून एकाच विमा-किमतीवर, एकाच वजावटीवर आणि त्याच ॲड-ऑनसह पुन्हा दर मागवले. तसे करताच तो पाऊणपट हप्त्याचा प्रस्ताव आमच्या जुन्या कंपनीच्या जवळपास जाऊन बसला. हे पाहून मला खरोखर धक्का बसला, कारण पहिल्या दिवशी मी तो जवळजवळ स्वीकारला होता.

ऐच्छिक वजावट वाढवली आहे आणि तेवढी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवली आहे. किल्ली आणि रस्त्यावरील मदत सोडली. मदत आम्हाला उत्पादकाकडून आधीपासून मिळत होती आणि ते मला माहीतही नव्हते. झिरो डेप्रिसिएशनचा वेगळा दर मागितल्यावर तो एकूण वाढीचा मोठा भाग असल्याचे दिसले. मोठ्या अपघातात आपल्या वाट्याला किती खर्च येईल याचा हिशेब यजमानांसोबत बसून केला आणि तेही सोडायचे ठरवले. इंजिन संरक्षण ठेवले आहे, कारण आमच्या वाहनतळात पाणी शिरते. कमी अंतराची सवलत तिसरी कंपनी देत आहे. मर्यादा ओलांडल्यास जादा रक्कम भरून पुढचे अंतर विकत घेता येते, असे त्यांनी लेखी कळवले आहे. मुलाबद्दलही विचारले. आमच्या पॉलिसीत चालकाचे नाव द्यावे लागत नाही, परंतु परवान्याची तारीख त्यांनी नोंदवून घेतली. सगळे धरून हप्ता मागच्या वर्षीपेक्षाही खाली आला आहे आणि विमा-किंमत बाजारभावाला धरून आहे.

आता एकच शंका उरली आहे. तिसऱ्या कंपनीकडे जाताना बोनस माझ्यासोबत येईल ना, आणि त्यासाठी जुन्या कंपनीकडून नेमके काय घ्यावे?

निवृत्त सर्वेक्षक

होय, येईल. ही शिडी भारतातील आहे असे धरून सांगतो: बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो, त्यामुळे कंपनी बदलली तरी तो जात नाही, उद्या गाडी विकली तरीही बोनस राखून ठेवल्याचे पत्र घेऊन तो तीन वर्षांच्या आत दुसऱ्या गाडीवर वापरता येतो. आता नूतनीकरणासाठी जुन्या पॉलिसीची प्रत, ज्यावर बोनसची टक्केवारी छापलेली असते, आणि चालू वर्षात दावा नसल्याचे आपले लेखी निवेदन एवढे पुरेसे असते. नवी कंपनी जुन्या कंपनीकडून खात्री करून घेईल. तरीही जुन्या कंपनीकडून बोनसचे पत्र ई-मेलने मागवून ठेवावे, आणि नवी पॉलिसी हातात आल्यावर तिच्यावरील विमा-किंमत, बोनसची टक्केवारी, वजावट आणि इंजिन क्रमांक हे चार रकाने त्याच दिवशी नोंदणीपत्राशी आणि कंपनीने दिलेल्या लेखी दराशी ताडून पाहावेत. चूक असेल तर ती अपघाताआधी दुरुस्त करून घेणे फार सोपे असते.